एकाच देहातले दोन कार्यक्रम

सरकारी कागदावर क्षयरोग आणि मधुमेह एकमेकांना ओळखत नाहीत. क्षयाचा राष्ट्रीय कार्यक्रम वेगळा, मधुमेहाचा वेगळा. एकाची नोंद नि-क्षय पोर्टलवर होते, दुसऱ्याची असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवर. पर्यवेक्षक निराळे, आढाव्याची बैठक निराळी, उद्दिष्टांचा तक्ता निराळा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, अलिबागेहून, निघालेल्या या दोन वाटा शंभरावर किलोमीटर समांतर चालत महाडला येतात, तिथून पोलादपूरला, आणि पुढे डोंगरातल्या एखाद्या वाडीवर. तिथे पोचेपर्यंत दोन्ही कार्यक्रमांचं काम एकाच बाईच्या पिशवीत आलेलं असतं. ती आशाताई असते, नाहीतर उपकेंद्रातली सिस्टर. ज्याच्या दारात ती उभी राहते त्याला हे दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, ही गोष्ट तिच्या प्रशिक्षणात आलेली असते, नाही असं नाही. पण जेवणाच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात, घाईने.

हे पुस्तक त्या अर्ध्या तासाचा विस्तार आहे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या आशा, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, समुदाय आरोग्य अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि क्षय कार्यक्रमाचे पर्यवेक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून ते रचलं आहे. डॉक्टरांनी वाचलं तर हरकत नाही. त्यांच्यासाठी मात्र ग्रंथ पुष्कळ आहेत, आणि तेही इंग्रजीत.

नवख्या वाचकासाठी आधी या दोन आजारांचं नातं. क्षयाचे जंतू आपल्यापैकी कित्येकांच्या शरीरात कधी ना कधी शिरलेले असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर निपचित पडून राहतात. त्यांना दाबून ठेवणाऱ्या पेशींचं बळ घटलं की आजार उठतो. हे बळ घटवणारी कारणं आपल्या ओळखीची आहेत: अर्धपोटी राहणं, दारू, विडी, कोंदट खोली, एचआयव्ही. मधुमेह हे त्या यादीतलं वेगाने वर चढणारं नाव. रक्तातली साखर दीर्घकाळ चढलेली राहिली की या पेशी जंतूला ओळखायला आणि गिळायला उशीर करतात. ख्रिस्टी जिऑन आणि मेगन मरे यांनी 2008 साली जगभरचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा मधुमेह असलेल्याला क्षय होण्याची शक्यता इतरांच्या साधारण तिप्पट निघाली. पुढे 2011 साली आलेल्या तशाच एका एकत्रित अभ्यासात दिसलं की दोन्ही आजार असलेल्या रुग्णाचा उपचारादरम्यान मृत्यू होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो, आणि बरा झाल्यावर क्षय उलटण्याचा धोका त्याहूनही जास्त. नातं उलट दिशेनेही चालतं. क्षयाच्या तापात शरीर ताणाखाली असतं, साखर चढते. काहींच्या बाबतीत ती उपचार सुरू झाल्यावर आपोआप उतरते, काहींच्या बाबतीत लपलेला मधुमेह या निमित्ताने पहिल्यांदा उघडा पडतो.

भारतात ही गाठ मोठी का, हे सांगायला दोन आकडे पुरेत. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख लोक आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले त्याहून अधिक. या दोन गर्दी एकमेकींत मिसळणारच. 2012 मध्ये देशातल्या आठ मोठ्या रुग्णालयांत आणि साठाहून अधिक लहान केंद्रांत आठ हजारांवर क्षयरुग्णांची साखर तपासली गेली. शंभरातल्या 13 जणांना मधुमेह निघाला, आणि त्यांपैकी पाच जणांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता. केरळातल्या एका अभ्यासात त्याच सुमारास हे प्रमाण शंभरात 44 होतं. आपल्या भागासाठी यातला कोणता आकडा उसना घ्यायचा याचा वाद घालत बसण्यापेक्षा तो आपल्या रजिस्टरमधून काढावा. ते कसं करायचं हे पुस्तकात सांगितलं आहे, आणि त्याला त्रैराशिकापलीकडचं गणित लागत नाही.

या विषयाचा इतिहास सांगताना चरकापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. संहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेह आणि राजयक्ष्मा यांचे अध्याय जवळजवळ शेजारी आहेत, एवढं नोंदवून मी पुढे जातो. आपल्याला जवळचा इतिहास घाटमाथ्यावर आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडलं की पाचगणी. तिथे डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी 1912 साली बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. औषध नव्हतं, त्यामुळे कोरडी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी हाच उपचार होता, आणि ज्याला परवडेल त्याच्यासाठी तो होता. घाटाखालच्या माणसाची गोष्ट निराळी. तो गिरणीत कामाला मुंबईला गेलेला, परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत दहा-बाराजणांत झोपणारा. खोकल्यातून रक्त पडू लागलं की त्याला गावी धाडत. हवापालट म्हणून तो यायचा आणि घरच्या माजघरात खोकत पडायचा. या दोन तालुक्यांत क्षयाबद्दल आजही जी कुजबुज चालते तिची मुळं त्या माजघरांत आहेत. साखर झाली तर माणूस चारचौघांत सांगतो. टीबी झाला तर सुनेच्या माहेरी कळू देत नाही.

सॅनेटोरियमचं युग संपवलं ते मद्रासने. तिथे 1956 साली सुरू झालेल्या केंद्रात वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांचे दोन गट केले: काही सॅनेटोरियममध्ये राहिले, काही आपापल्या गरीब, दाटीच्या घरात राहून गोळ्या घेत होते. 1959 मध्ये निष्कर्ष आला. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरातल्यांना लागणही जास्त झाली नाही. हवा आणि गादी यांचं महत्त्व एका फटक्यात उतरलं आणि गोळी वेळेवर पोटात जाते की नाही, एवढाच प्रश्न उरला. हा प्रश्न दवाखान्यात सुटत नाही, रुग्णाच्या घरी सुटतो. आरोग्य कार्यकर्ता या आजाराच्या मध्यभागी आला तो तिथपासून. 1962 चा राष्ट्रीय कार्यक्रम, 1997 पासून पसरत गेलेली आणि 2006 पर्यंत देशभर पोचलेली डॉट्स पद्धत, 2012 पासून प्रत्येक रुग्णाची सक्तीची नोंद, 2017 पासून रोजच्या एकत्रित गोळ्या, आणि 2020 मध्ये कार्यक्रमाच्या नावातच आलेलं ‘निर्मूलन’: हे सगळे त्याच प्रश्नाला दिलेले टप्प्याटप्प्याचे जबाब.

मधुमेहाची वाट वेगळी. 1922 साली इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं, त्याआधी मधुमेही पुष्कळदा क्षयानेच मरत. हॉवर्ड रूट या अमेरिकन डॉक्टरांनी 1934 साली या जोडीवर तपशीलवार निबंध लिहिला. त्या काळी कोणत्याही फुप्फुसतज्ज्ञाला हे नातं ठाऊक होतं. मग क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आलं, आयसोनायाझिड आलं, श्रीमंत देशांतून क्षय ओसरला आणि त्याबरोबर ही आठवणही ओसरली. मधुमेह शहरी तज्ज्ञाच्या दवाखान्यात गेला, क्षय सरकारी योजनेत. जवळजवळ अर्धं शतक दोघांची गाठ पडली नाही. पुस्तकांत नाही, म्हणजे. शरीरात पडतच होती.

दुरावा वाढायला आणखी एक समजूत कारणीभूत झाली. साखर म्हणजे बसून खाणाऱ्याचा, पोट सुटलेल्याचा आजार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळंतपणांचा 1993 पासून मागोवा घेऊन या समजुतीला धक्का दिला. आपल्याकडची बाळं वजनाला हलकी असतात. त्या हलक्या अंगातही स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त असते. अशी बारीक माणसं पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने तर 2025 साली कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला ‘टाइप 5’ असं स्वतंत्र स्थान दिलं. डोंगरात काम करणाऱ्याने ही गोष्ट मनावर कोरून घ्यायला हवी. वीटभट्टीवरून परतलेला कातकरी गडी वाळला आहे, सारखं पाणी पितो आहे, रात्री तीनदा उठतो आहे. त्याला पाहून सगळ्यांना उपास आठवतो, फार तर टीबी आठवतो. ग्लुकोमीटर पिशवीतच राहतो. उलट बाजारपेठेतल्या गुबगुबीत दुकानदाराला तीन आठवडे खोकला असतो आणि त्याला कफाचं औषध मिळत राहतं, कारण तो टीबीचा ‘दिसत’ नाही.

दोन्ही आजारांची पुन्हा अधिकृत गाठ घालून दिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि क्षयरोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाच्या 2011 च्या आराखड्याने. भारताने 2012 मध्ये क्षयरुग्णांची साखर तपासायचं धोरण घेतलं आणि 2017 मध्ये दोन्ही राष्ट्रीय कार्यक्रमांची संयुक्त चौकट आखली: प्रत्येक क्षयरुग्णाची साखर पाहा, प्रत्येक मधुमेह्याला क्षयाच्या लक्षणांबद्दल विचारा. यातला पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी रुजला. क्षयाचा कार्यक्रम शिस्तीचा, त्याच्या नोंदीत साखरेचा रकाना आला की तो भरला जातो. दुसरा अर्धा लंगडाच राहिला, आणि मला वाटतं तो लंगडा राहण्याचं कारण आळस नाही. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसं रांगेत असतात. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम या चार प्रश्नांना प्रत्येकी मिनिटभर दिलं तरी रांग दुपारपर्यंत संपत नाही. आणि ‘हो’ उत्तर आलं तर पुढचं काम विचारणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. शिवाय प्रश्नांनी सगळं पकडलं जात नाही. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्षय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले; नुसत्या लक्षणांवर विसंबलं असतं तर ते निसटले असते.

आता प्रशिक्षणाकडे वळतो, कारण पुस्तकाचा खरा विषय तो. आरोग्य कार्यकर्त्याने किती शिकावं आणि किती करावं याबद्दल आपल्या महाराष्ट्रात निदान तीन घराणी आहेत. पहिलं घराणं कार्यकर्त्याला निरोप्या मानतं: रुग्ण शोध, पाठव, नोंद कर. दुसरं त्याला साक्षीदार करतं. डॉट्सचं मूळ स्वरूप हेच, समोर बसवून गोळी गिळायला लावायची. तिसरं घराणं त्याला उपचार करणारा माणूस मानतं. 1970 मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायकांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले, ते 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आणि ज्याची आठवण रायगडकरांनाही फारशी उरलेली नाही तो प्रयोग आपल्याच जिल्ह्यातला. जिल्हा कुलाबा म्हणवला जायचा त्या 1970 च्या दशकात डॉ. नोशीर अँटिया या प्लास्टिक सर्जनने अलिबाग तालुक्यात मांडव्याच्या परिसरात गावच्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. बेतास बात शाळा शिकलेल्या या बायका क्षय आणि कुष्ठरोग यांसारख्या लांबलचक उपचारांच्या आजारांतही रुग्ण शोधून त्यांना धरून ठेवायच्या. प्रयोग यशस्वी ठरत असतानाच स्थानिक हितसंबंधांशी त्याचं वाजलं आणि तो आटोपता घ्यावा लागला. 2005 नंतर आलेल्या आशाताईच्या रचनेत या तिसऱ्या घराण्याचा आत्मा आहे की फक्त त्याच्या साडीची बॉर्डर, यावर मला बोलता येईल, इथे नको.

महाडला स्वतःचाही एक धडा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, मुलं विशेषतः, हृदय आणि फुप्फुसं कोलमडून दगावत. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षणं केली आणि प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली. मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून एक टक्क्यापर्यंत उतरलं. जगाने दखल घेतली, 2022 मध्ये पद्मश्रीही मिळाली. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की गोळी शोधल्यावर काम संपलं नव्हतं. कोकणातल्या केंद्राकेंद्रांतल्या डॉक्टरांच्या हातात ती बसेपर्यंत चालू राहिलं. फरकही लक्षात ठेवावा. विंचवाचा निकाल एका रात्रीत लागतो, केलेल्या कामाचं फळ सकाळी समोर बसून चहा पितं. क्षयाला किमान सहा महिने लागतात. मधुमेहाला शेवट नाही. तिन्ही आजारांचं प्रशिक्षण एकाच दिवसाच्या कार्यशाळेत, एकाच प्रोजेक्टरवर, एकाच तऱ्हेने देता येईल असं मानणाऱ्यांनी वाडीवरचा सप्टेंबर महिना पाहिलेला नसतो.

या वाड्यांचा भूगोल पुस्तकभर पसरला आहे, तो नकाशासाठी नव्हे. उपाशीपोटी साखर तपासायची म्हणजे काय, याचं उदाहरण घेऊ. नियम असा की रात्रभर काही न खाता सकाळी रक्त द्यायचं. 126 किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेह धरायचा, लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री करायची. शहरात हे सोपं. सावित्री नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या वाडीवरच्या म्हाताऱ्याला मात्र पहिली एसटी गाठायला तासभर उतरावं लागतं, पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरची रांग असते, आणि रक्त घेईपर्यंत अकरा वाजतात. आधीच क्षयाने खंगलेला माणूस तोवर उपाशी. यावर उपाय आहेत. उपकेंद्रात सकाळी सातला ग्लुकोमीटर घेऊन बसता येतं, किंवा एचबीए1सी तपासता येतं ज्याला उपास लागत नाही. पण रक्तक्षय असलेल्या बाईत त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, आणि आपल्याकडे रक्तक्षय नसलेली बाई शोधावी लागते.

पावसाळ्याचंही तसंच. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवसांत महाड शहर पुराच्या पाण्यात होतं आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. अशा आठवड्यात नियमित औषध घेणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न कुठल्याही राष्ट्रीय मार्गदर्शिकेत सापडत नाही. मे अखेरीसच डोंगरातल्या रुग्णांकडे जादा पाकिटं देऊन ठेवणं, वीज गेली तर इन्सुलिनची कुपी कुठे ठेवायची, दोन्ही औषधांची नावं लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून रुग्णाच्या गळ्यात-पिशवीत असणं, या बाबींना पुस्तकात मुद्दाम जागा दिली आहे. आणि माणसं जागेवर थांबत नाहीत, हेही. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतो. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नि-क्षयवर रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वळवता येतो. साखरेच्या गोळ्यांचं तसं काही नाही; त्या फलटणला नाहीतर कर्जतला मिळवायच्या तर नवा केसपेपर.

सगळ्यात अवघड जागा मात्र जेवणाची. ती अवघड आहे हे प्रशिक्षणात कुणी कबूल करत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. क्षयाचा कार्यक्रम रुग्णाला सांगतो, खा. त्यासाठी 2018 पासून नि-क्षय पोषण योजनेत महिन्याला 500 रुपये मिळू लागले, नोव्हेंबर 2024 पासून 1,000. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासाने 2023 मध्ये दाखवून दिलं की रुग्णाच्या कुटुंबाला पुरेसं धान्य दिलं तर घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण जवळजवळ 40 टक्क्यांनी घटतं, आणि रुग्णाचं वजन पहिल्या काही महिन्यांत वाढलं तर त्याच्या मरण्याचा धोकाही घटतो. खाण्याचा आग्रह हा दयेचा भाग नसून उपचाराचा आहे, हे आता पुराव्यानिशी सिद्ध आहे. मधुमेहाचा कार्यक्रम त्याच रुग्णाला सांगतो, भात कमी, गोड बंद, वजनावर लक्ष. दोन्ही सल्ले बरोबर. पण भाताच्या मुलखात ‘भात सोडा’ ऐकलेला माणूस घरी जाऊन काय करतो? तो भात सोडतो आणि त्याच्या जागी काही घालत नाही, कारण घालायला घरात काही नसतं. आठवड्याने वजन काट्यावर दीड किलो कमी भरतं. साखर मात्र छान येते, आणि तिच्यावर सगळे खूश.

पुस्तकाने इथे स्पष्ट बाजू घेतली आहे: दोन्ही आजार असलेल्या, वजन कमी असलेल्या रुग्णाचं खाणं क्षय संपेपर्यंत तोडायचं नाही. साखर औषधाने आवरायची. ते काम डॉक्टरचं. कार्यकर्त्याने ताटातली अदलाबदल सुचवायची, आणि ती घरात असलेल्या गोष्टींतून. भाताचा एक वेळ नाचणीच्या भाकरीने बदलता येतो. कुळथाची पिठी, वाल, पावटा, अंडं, सुकट या वस्तू डोंगरातल्या घरांना परक्या नाहीत. चहातली साखर काढायची, पण चहाबरोबरचं बिस्किटही तितकंच गोड असतं हे सांगायचं. हजार रुपये खात्यावर आले की त्यांतून बाजारातली प्रोटीन पावडर आणू नये, हेही एकदा स्वच्छ सांगायला हवं. तो डबा विकणारे रुग्णालयाच्या फाटकाशीच उभे असतात.

औषधांच्या बाबतीत कार्यकर्त्याला रसायनशास्त्र नको, चारपाच धोक्याच्या खुणा पुरतात. रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतं आणि मधुमेहावरच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, शरीरातून लवकर बाहेर काढतं. त्यामुळे पूर्वी आटोक्यात असलेली साखर क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर बिघडू शकते, आणि रुग्ण म्हणतो की टीबीच्या गोळ्यांनी साखर वाढवली. त्याचं म्हणणं अगदीच चूक नसतं. मेटफॉर्मिनवर हा परिणाम फारसा नाही, पण मळमळ दोन्हीकडची, आणि मळमळीला कंटाळलेला माणूस दोन्ही पाकिटं एकदमच फळीवर ठेवतो. उलटी झाली, जेवण गेलं नाही, पण साखरेची गोळी मात्र इमानाने घेतली, तर साखर एकदम खाली जाऊन तो घामाघूम होऊन पडतो. अशा वेळी हातात साखरेचं पाणी हवं, उपदेश नको. पायांना मुंग्या येतात त्या मधुमेहाच्याही असू शकतात आणि आयसोनायाझिडच्याही. पायरिडॉक्सिनची छोटी गोळी चालू आहे ना, हे पाहायचं. डोळ्यांपुढे धूसर झालं तर ‘साखरेमुळे होतं’ म्हणून सोडायचं नाही, कारण एथॅम्ब्युटॉलही डोळ्यांच्या मज्जातंतूला इजा करू शकतं. आणि मधुमेह असलेल्याच्या एक्स-रेत क्षयाची सावली पुष्कळदा फुप्फुसाच्या खालच्या भागात पडते, नेहमीच्या वरच्या टोकाला नाही. हे शेवटचं वाक्य कार्यकर्त्यासाठी नाही. एक्स-रे पाहून ‘टीबी नाही’ असं घाईने सांगणाऱ्या डॉक्टरच्या हाती पुस्तक पडलंच, तर त्याच्यासाठी आहे.

पुस्तकाने काय केलं नाही तेही सांगायला हवं. औषधांचे डोस यात नाहीत, ते मार्गदर्शिकेत आहेत आणि बदलतात. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचा ओझरता उल्लेख आहे, कारण त्या रुग्णाचे निर्णय जिल्ह्याच्या पातळीवर होतात. कार्यकर्त्यांच्या मोबदल्याचा, रिक्त पदांचा, एकाच सिस्टरकडे किती रजिस्टरं असावीत याचा विषय पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. तो बाहेर ठेवणं मला पटलेलं नाही. पण पुस्तक माझं नाही, प्रस्तावना माझी आहे.

मांडणी कार्यशाळेची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीत, आशाताई आणि सिस्टर एरवीही जमतात तेव्हा, एक प्रसंग वाचायचा आणि त्यावर बोलायचं अशी कल्पना आहे. प्रत्येक प्रसंगात एक दार, एक माणूस आणि एक निर्णय आहे: याला खोकला विचारू का, हिची साखर आज तपासू की उद्या, हा गोळ्या लपवतो आहे का, ही सुनेला सांगू नका म्हणते आहे तर मी काय करू. काही प्रसंगांना बरोबर उत्तर दिलेलं नाही. बैठकीत भांडण होईल. होऊ द्यावं, ज्या केंद्रात या प्रसंगांवर आवाज चढेल तिथे निदान कुणीतरी दोन्ही आजार एका माणसात पाहिले आहेत, असं मी समजेन.

एका प्रकरणाकडे मात्र मी वाचकाचं लक्ष वेधतो, कारण ते शेवटी आहे आणि शेवटची प्रकरणं कुणी वाचत नाही. ते आहे उपचार संपतात त्या दिवसाचं. सहा महिने झाले, बेडका निर्जंतुक आला, नि-क्षयवर ‘बरा झाला’ अशी नोंद झाली की क्षयाचा कार्यक्रम त्या माणसाकडे येणं कमी होतं. त्याच आठवड्यात रिफाम्पिसिन थांबलेलं असतं, म्हणजे वाढवून दिलेल्या साखरेच्या गोळ्या आता जास्त होऊ शकतात. त्यांचा डोस डॉक्टरकडून पुन्हा ठरवून घ्यायला हवा. मधुमेह असल्यामुळे क्षय उलटण्याचा धोकाही त्यालाच जास्त. म्हणून उपचार संपताना त्याला मधुमेहाच्या पुढच्या तपासणीची तारीख हातात द्यायची, आणि कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी घरी जाऊन वजन, खोकला, ताप विचारायचा. प्रत्येक वेळी साखरही पाहायची. या चार भेटींचा तक्ता मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापला आहे. तो कापून उपकेंद्राच्या रजिस्टरला चिकटवावा.